द्वारकावन्संचे वाल

आमच्या घरात कोणी राजकारणाचा शब्द काढला, की द्वारकावन्सं त्याच्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं आणून ठेवतात आणि म्हणतात, "बोटं भिजव."

एवढंच. आवाज चढवणं नाही, डोळे वटारणं नाही. शिक्षा सुनावून त्या आपल्या कामाला लागतात. गुन्हेगार कोणी का असेना. घरचा कर्ता पुरुष असो, जावई असो, हवापालटाला आलेला मुंबईचा पाहुणा असो, त्यानं खाली बसायचं, कोमट पाण्यात बोटं घालायची आणि वाल सोलायचे. पातेलं रिकामं झालं की सुटका.

ज्यांनी आयुष्यात वाल सोललेले नाहीत, त्यांना ही शिक्षा किरकोळ वाटेल. त्यांनी एकदा आमच्याकडे यावं. आमच्याकडचे कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात सोडायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. नशीब चांगलं असेल तर साल हातात राहते आणि दाणा भांड्यात पडतो. नसेल तर दाणा गोळीसारखा सुटतो आणि कपाटाखाली जातो. दुपार जाते, कंबर जाते, आणि एवढं करून झालेलं बिरडं पंगतीत दुसऱ्या वाढपाला उरत नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ऐंशी कधीच ओलांडलीय. किहीमच्या जवळ आमची नारळ-सुपारीची वाडी, वाडीत घर, माझे यजमान गेल्यापासून घरात आता आम्ही दोघीच. मुलं त्यांना आत्या म्हणतात, त्यामुळे सगळं गावच आत्या म्हणतं. मी मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून वन्संच म्हणते. माझ्या वयाच्या बाईनं कोणाला तरी वन्सं म्हणावं आणि समोरून 'काय गं' यावं, यासारखं तरुण ठेवणारं औषध नाही.

राजकीय पक्षांची नावं मी या लेखात घेणार नाही. वन्संना वाचता येतं. गावात रस्त्याच्या अलीकडे एका पक्षाचं ऑफिस आहे आणि पलीकडे दुसऱ्याचं, म्हणून आपण त्यांना अलीकडचे आणि पलीकडचे म्हणू. मधल्या काळात अलीकडच्यांचे दोन झाले, पलीकडच्यांचेही दोन झाले, मग त्यातला एक अलीकडे आला आणि एक पलीकडे गेला. वन्संना नावं न घेता समजावून सांगताना मीच गोंधळले. त्या म्हणाल्या, "त्यांचे कितीबी होवोत, वैनी. वाल तेच."

या कायद्याशी माझी गाठ पडली ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. मी पेणची. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले होते, त्यामुळे राजकारणातलं मला काहीही कळत नव्हतं, पण बोलता भरपूर यायचं. एक दिवस सगळी जेवायला बसलेली असताना सासऱ्यांनी निवडणुकीचं काहीतरी काढलं. मी वाढता वाढता थांबले आणि हातात आमटीचा डाव घेऊन द्विपक्षीय पद्धतीवर बोलले. चांगली सविस्तर बोलले. कोणी मधे बोललं नाही, तेव्हा मला वाटलं माझी छाप पडली. वन्संनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि जेवणं झाल्यावर माझ्यापुढे पातेलं ठेवलं. सासऱ्यांपुढेही ठेवलं. म्हातारा गुपचूप धोतर सावरून बसला. मला वाटलं, ही या घरची काहीतरी मानाची पद्धत दिसतेय. बी. ए. झालेल्या सुनेला सासऱ्यांच्या शेजारी बसवतात!

मी नखांनी सोलायला गेले आणि प्रत्येक दाण्याची डाळ करून ठेवली. वन्संनी भांड्यात बघितलं.

"बी. ए. ला हे न्हाय वाटतं शिकवत?"

त्यानंतर घरात मी पक्षाचं नाव घेतलं नाही. मतदान करून आले तरी बोटावरची शाई पदराखाली धरायची.

ही शिक्षा त्यांनी का निवडली असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. वाल एका हातानं सोलता येत नाहीत. दोन्ही हात गुंतले की माणसाला बोट उगारता येत नाही, मांडीवर थाप मारता येत नाही, टेबल आपटता येत नाही. नजर दाण्यावर ठेवावी लागते, म्हणजे समोरच्याकडे रोखूनही बघता येत नाही. मग उरतो नुसता मुद्दा. आणि हातवारे काढून घेतल्यावर बहुतेकांचा मुद्दा किती लहान असतो, हे मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिलंय. बोलायला बंदी नसायचीच. एकदा पातेल्यापाशी बसलात की हवं ते बोला. पण तिथं आवाज आपोआप खाली येतो. वन्सं म्हणतात, "मत ज्याचं त्याचं. वाल सगल्यांचं."

कायद्याला पुढे पोटकलमं फुटत गेली. एकानं राजकारण काढलं आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, तर दोघं दोषी. टीव्हीवरच्या बातम्यांपुढे नुसतं "हं!" केलं, तर मूठभर. "मी काही बोलत नाही, पण..." असं म्हटलं, तर पूर्ण पातेलं, कारण त्यात लबाडीही आली. अलिबागच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचं काय करायचं, यावर घरात मोठा खल झाला. शेवटी निकाल असा लागला, की खड्डा किती खोल आहे हे बोलायला मोकळीक, कोणाचा आहे हे बोलायचं नाही. आणि सोललेल्या वालात एक जरी साल राहिली, तर सोलणाऱ्याला पुढच्या खेपेला दुप्पट. सालीबद्दल वन्सं फार कडक. पानात साल आली की ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या आणि जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायच्या. सोलणाऱ्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे रोज बिरडं असायचं. शेजारीपाजारी त्यावरून अंदाज बांधत. "काय वैनी, आज पन बिरडंच? लय तापलंय वाटतं वातावरन!"

एकदा तर उमेदवारच सापडला. मागे पंधरा माणसं, गळ्यात हार, दारातच वाकून नमस्कार. "आत्या, आशीर्वाद द्या. तुमचं मत आम्हालाच." वन्सं म्हणाल्या, "हात जोडून आलाव, ते जरा मोकले करा," आणि पातेलं पुढे सरकवलं. त्याला वाटलं, फोटो चांगला येईल. तो बसला. फोटो निघाला. तो उठायला लागला, तर वन्सं म्हणाल्या, "अजून भरलेलं हाय." बाहेर कार्यकर्ते उन्हात उभे, जीपचं इंजिन चालू, आणि आत हा माणूस पांढऱ्या शुभ्र कपड्यांवर पाणी उडवत वाल सोलतोय. साली पातेल्यात आणि वाल केरात टाकत होता, तो भाग वेगळा. तो निवडून आला. पण तो येऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या पक्षाचाही आला होता, त्यालाही त्यांनी बसवलं होतं. तेव्हापासून जो येईल तो बसतो. आमच्या घरचे वाल सोलले नाहीत तर निवडणूक जिंकता येत नाही, असा त्यांच्यात समज झालाय.

वन्सं स्वतः कोणाला मत देतात, हे मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. माझ्या यजमानांनी विचारून पाहिलं, मी आडून विचारून पाहिलं. मतदानाला जायच्या, शाई लावून यायच्या आणि हात धुऊन भाताला आधण ठेवायच्या.

माझ्या यजमानांबद्दल सांगायला हवं. मधुकर त्यांचं नाव, वन्संचा मधू. अलिबागच्या कोर्टात कारकून होते. दिवसभर दोन्हीकडचे वकील त्यांच्या तोंडून एखादा शब्द निसटतोय का म्हणून टपलेले असायचे, पण 'पुढची तारीख घ्या' याखेरीज ह्यांच्या तोंडून काही निघायचं नाही. असा हा माणूस घरी आला की बिघडायचा. दर आठ-पंधरा दिवसांनी जेवता जेवता मधेच पचकायचा, "काही म्हणा, अलीकडच्यांनी या वेळी चूकच केली." झालं! वन्सं उठणार, पातेलं येणार. मग भाऊ-बहीण समोरासमोर बसून दुपारभर सोलणार. दोषी हे एकटेच असायचे, पण का कोण जाणे, ह्यांची शिक्षा सुरू झाली की वन्संही पाट ओढून बसायच्या. मी बाहेर तांदूळ निवडत बसलेली. आतून कुजबुज यायची, मधेच वन्संचं हसणं यायचं. त्या एरवी फारशा हसत नसत.

मी नवी होते आणि मला नवऱ्याची लाज वाटायची. कोर्टातला माणूस, आणि जिभेला हाड नाही! एकदा रागावून म्हटलं, "तुम्हाला कळत कसं नाही? वन्संसमोर हे विषय काढायचे नाहीत, एवढं लहान मुलालाही समजतं."

हे म्हणाले, "तिला एकटीला सोलायला किती वेळ लागतो, बघितलंयस का कधी?"

"मग नुसते जाऊन बसा की त्यांच्याजवळ!"

"काय सांगून बसू?"

त्या काळी आमच्या घरातले पुरुष चुलीजवळ यायचे ते ताट घेऊन. विधवा होऊन माहेरी परतलेल्या बहिणीजवळ दुपारची दुपार बसायचं, तर पुरुषाला काही कारण लागायचं. ह्यांनी ते शोधून काढलं होतं. आणि मी, राज्यशास्त्राची पदवीधर, आमच्या घरातलं सगळ्यात मोठं राजकारण दाराबाहेर बसून ऐकत होते आणि नवऱ्याला शहाणपण शिकवत होते.

वन्संचं सासर रेवदंड्याकडचं. त्यांचे यजमान आणि दीर, दोघं सख्खे भाऊ. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक एका पॅनेलला, एक दुसऱ्याला. निवडणूक संपली, पण यांचं संपलं नाही. वाडीच्या मधे दगडांचा गडगा घातला गेला, एकाच विहिरीवर दोन वेगवेगळ्या वेळा ठरल्या. पुढे वन्संचे यजमान अचानक गेले. दीर आला, गडग्यापर्यंत आला, तिथं डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला आणि परत गेला. मयताला खांदा द्यायला शेजारची माणसं लागली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, अर्थात वाल सोलताना. मी म्हटलं, "असं काय बोलले होते एकमेकांना?" त्या म्हणाल्या, "कायच न्हाय. एक शब्द वाईट बोल्लेले न्हवते. बोलतच न्हवते ना."

आता माझ्या मुलांकडे येते. थोरला शिरीष न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात आहे, राहतो उलव्याला. धाकटा महेश मुंबईत, बँकेत. शिरीष अलीकडचा, महेश पलीकडचा. लहानपणी एका ताटात जेवणारी पोरं, पण लग्नं झाली, फोन आले, आणि घराचा एक ग्रुप झाला. एके दिवशी सकाळी शिरीषनं गुलाबाच्या फुलाखाली अलीकडच्यांचा एक लांबलचक मजकूर पाठवला. महेशनं लिहिलं, 'दादा, हे खोटं आहे.' शिरीषनं लिहिलं, 'इंग्रजी पेपर वाचला की सगळं खरंच कळतं असं नाही.' मग ते जे सुरू झालं, ते मला चष्मा लावूनही पुरं वाचवेना. शेवटी महेश ग्रुपमधून बाहेर पडला.

मी सगळं वन्संना वाचून दाखवलं. त्यांच्याकडे असला फोन नाही.

"ही दोगं आता हायत कुठं?" त्यांनी विचारलं.

"एक उलव्याला, एक मुंबईला."

"मंग मी पातेलं कुठं ठेवू?"

मी फोन पालथा ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "तिथं बोटं मोकली असतात गं. बोटंच तर भांडतात तिथं."

गेल्या वर्षीच्या गणपतीला पोरांनी वेळापत्रक केलं. ते मला कोणी दाखवलं नाही, पण आईला कळतंच. शिरीष मूर्तीबरोबर आला आणि दीड दिवस राहून गेला. तो गेला त्या दुपारी महेश गाडीसकट रो-रो बोटीनं मांडव्याला उतरला, गौरी-विसर्जन करून गेला. मांडव्याच्या फाट्यावर दोघांच्या गाड्या एकमेकींच्या शेजारून गेल्या असणार. हात केला की नाही, मी विचारलं नाही. दोघंही माझ्याशी गोड, वन्संशी गोड. राजकारणाचं अवाक्षर नाही. वन्संनी सणासाठी भरपूर वाल भिजत घातले होते. त्यांना मोड आले, मोड बोटभर वाढले, पण सोलायला गुन्हेगारच नाही. शेवटी आम्ही दोघींनी सोलले.

मी म्हटलं, "वन्सं, जिंकलात. घरात राजकारण संपलं."

वन्संनी साली एका बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "वैनी, ही दोगं भांडत न्हाईत गं."

"मग चांगलंच आहे की!"

"तिकडं पन भांडत न्हवते."

त्यानंतर वर्षभर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण गडग्याची जागा त्यांना दिसायला लागली होती, हे मला कळत होतं. अंगणात आंब्यापासून विहिरीपर्यंत त्या उगीचच चालून बघायच्या. वाडीचे दोन भाग करायचे तर तिथूनच होतात.

यंदा मी ठरवलं, खोटं बोलायचं. शिरीषला फोन केला, महेशला सुट्टी नाही, यंदा सगळं तुलाच बघावं लागेल. महेशला फोन केला, दादाला बंदरात काम निघालंय, आदल्या दिवशीच ये. दोघांनी विश्वास ठेवला. मी पेणची, मातीचा देव करून विकणाऱ्या गावची आहे, हे पोरं विसरतात.

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी दोन गाड्या वाडीत उभ्या राहिल्या. सुना मागून येणार होत्या, तेवढं बरं होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तुळशीला पाणी घालत होते.

"कसा आहेस?"

"बरा. तू?"

"बरा. ट्रॅफिक?"

"होतं."

"खड्डे?"

"खोल आहेत."

इथं दोघंही थांबले. घरचा कायदा दोघांनाही पाठ.

मग मधल्या खोलीत त्यांनी मखर बांधायला घेतलं. मी आणि वन्सं स्वयंपाकघरात. पातेल्यात वाल तयार, मोड कसे शुभ्र, अगदी वेळेवर आलेले. आम्ही कान देऊन होतो.

"दोरी दे."

"ही घे."

"थँक्यू."

वन्संच्या हातातली पळी थांबली. "भावाला थँक्यू?" त्या मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला, की कोणी घरात शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी जाऊन टीव्ही लावला, बातम्यांचा, मोठ्यानं. चार माणसं चार चौकोनांत ओरडत होती. शिरीषनं खिळा ठोकला, महेशनं झिरमिळ्या लावल्या. 'हं' सुद्धा नाही. वन्संनी टीव्ही बंद केला. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. आणि जे त्यांनी उभ्या जन्मात कधी केलं नव्हतं, ते केलं.

"शिऱ्या, महेशा. मी आजपतूर मत कुनाला दिलं, ठावं हाय?"

दोघांचे हात थांबले. मी दारात आले. मला तर किती वर्षं हे ऐकायचं होतं.

"उमेदवार घरी येतात, मी त्यांना वाल देते. जो नीट सोलतो त्याला मत."

मग शिरीष म्हणाला, "आत्या, चेष्टा करतेस ना?"

"चेष्टा कसली? ज्याच्यात साल निघाली, तो गेला."

"अगं, पण असं मत देतात का?" महेश स्टुलावरून खाली उतरला. "पक्षाचं धोरण काय, जाहीरनामा काय, काही बघायचं की नाही? मत म्हणजे काय बिरडं आहे?"

"महेश बरोबर बोलतोय," शिरीष म्हणाला. तोही हातोडी ठेवून पुढे आला. "आत्या, लोकशाही आहे ही! लोक असं करायला लागले तर..."

"गेल्या वेळेला कोणाला दिलंस मग?" महेशनं विचारलं.

"ज्यानं डाल केली न्हाय त्याला."

"म्हणजे आमच्या पलीकडच्याला! मी होतो इथं तेव्हा. एकेक दाणा अख्खा."

"काय सांगतोस? तो अर्धे खिशात घालत होता! आमचा बघ, मान वर न करता सोलत होता..."

"कॅमेरा गेल्यावर उठला तो!"

"तुमचा तर आला तेव्हाच..."

आणि दोघं एकदम गप्प झाले. बोटं उगारलेली तशीच हवेत. हळूहळू खाली आली.

"झालं बोलून?" वन्सं म्हणाल्या. "बोटं भिजवा."

महेश बँकेतला, त्याला नियम कळतात. तो म्हणाला, "पण आत्या, सुरुवात तू केलीस."

"व्हय," वन्सं म्हणाल्या. "म्हनून मी पन बसते."

तिघं तिथंच, मखरापुढे पातेल्याभोवती बसले. मी लांबून बघत होते, माझ्यावर आरोप नव्हता. पहिली काही मिनिटं नुसता पाण्याचा आवाज. मग शिरीषनं गुलाबाखालच्या त्या जुन्या मजकुराचं काढलं. महेशनं उत्तर दिलं. परत शिरीष. पण दोघांच्या माना खाली, हात पाण्यात, त्यामुळे आवाज असा येत होता, जणू कोणी हिशेब जुळवतंय. कोणी कोणाचं मत बदललं नाही. शिरीष अलीकडचाच राहिला, महेश पलीकडचाच. मधेच महेशचा एक दाणा सुटला तो थेट मखरात, गणपतीच्या चौरंगावर. शिरीष म्हणाला, "बघ, तुमच्यांचा नेम." महेश हसला. बऱ्याच दिवसांनी मी त्या दोघांना एका गोष्टीवर हसताना पाहिलं.

मग माझं लक्ष वन्संच्या हातांकडे गेलं. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठा पुरता वळत नव्हता. गेले वर्षभर वाल मीच सोलत होते, त्या नुसत्या शेजारी बसत होत्या, हे मला तेव्हा जाणवलं. त्या दाणा उचलायच्या, चिमटीत धरायच्या, दाबल्यासारखं करायच्या आणि तसाच सालीसकट सोललेल्या वालांत टाकायच्या. शिरीषनं ते बघितलं. त्यानं महेशकडे बघितलं. महेशनंही बघितलं होतं. दोघांनी पुढचा दाणा घेतला.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याला बिरडं झालं. गणपतीनं सालीसकट खाल्लं, तक्रार केली नाही. पंगत बसली, सुना आल्या होत्या, नातवंडं होती. माझ्या पहिल्याच घासाला दाताखाली साल आली. शिरीषच्याही आली असणार, त्याचं तोंड जरा थांबलं. ती बाहेर न काढता त्यानं गिळली. महेशनं तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"बिरडं झकास झालंय, आत्या," तो म्हणाला.

"एक नंबर," शिरीष म्हणाला.

वन्संनी आपल्या ताटाकडे बघितलं. मग त्यांनीही जेवायला सुरुवात केली. कडेला काही काढून ठेवलं नाही.

या वेळी दोघंही विसर्जनापर्यंत राहिले. जाताना शिरीष दारात घोटाळला आणि म्हणाला, "आत्या, ते वालावर मत देण्याचं खरं होतं का गं?" वन्सं म्हणाल्या, "बाहेर जाऊन इचार. दारात राजकारन न्हाय." महेशची गाडी आधी निघाली, शिरीषची मागून. मांडव्याच्या फाट्यापर्यंत तरी वाट एकच होती.

घर रिकामं झालं. गणपती गेल्यावर घर जसं होतं तसं. मी मखराच्या दोऱ्या गुंडाळून ठेवत होते. दोन दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरात गेले तर वन्सं पाटावर बसलेल्या, समोर वालांचं पातेलं, पाणी कोमट, वाफ येत होती. कधी भिजत घातले होते, मला कळलंही नव्हतं.

"वन्सं, हे कशाला? पोरं तर गेली."

"तू हायस की," त्या म्हणाल्या.

वर बघितलं नाही त्यांनी. एक दाणा चिमटीत धरला होता, दाबत होत्या, सुटत नव्हता. ह्यांचा पाट समोर मांडलेला होता. तो त्यांनी कधी मांडला, तेही मला कळलं नव्हतं.

मी पदर खोचला. उंबऱ्याशी उभी राहिले आणि, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यानंतर या घरात पहिल्यांदाच, एका पक्षाचं नाव घेतलं. चांगलं मोठ्यानं, आणि वर म्हटलं, "या वेळी त्यांनी चूकच केली."

वन्संनी जरा सरकून मला जागा केली.

"बोटं भिजव," त्या म्हणाल्या.